पळता येतं, पण पोहता येत नाही!

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



मागे एकदा मी इथे पळण्यावर बोलले होते. त्यानंतर परळहून एका श्रोत्या मैत्रिणीने फोन केला. म्हणाली, "ताई, मी त्रेचाळीस वर्षांची. दोन हाफ मॅरेथॉन झाल्या. आता मुलगा मागे लागलाय, आई, तू ट्रायथलॉन कर. पण मला पोहता येत नाही, आणि सायकल शेवटची चालवली ती दहावीत. हा वेडेपणा आहे का?"

तिला फोनवर मी जे सांगितलं ते दोन मिनिटांत सांगितलं, आणि मग वाटलं की हे नीट सांगायला हवं होतं. कारण ह्या प्रश्नातून मी स्वतः गेले आहे. मी लालबागची. आता एकोणपन्नासावं चालू आहे. एक्केचाळीसाव्या वर्षी पळायला लागले, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी पोहायला. मधल्या पाच वर्षांत पळण्याने मला एक तास दिला होता, पहाटेचा, फक्त माझा. ज्या बाईला एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांत असा तास मिळतो, तिलाच त्याची किंमत कळते. मग एका जानेवारीत मॅरेथॉननंतर नडगी दुखायला लागली. मी नेहमीप्रमाणे तेल चोळलं आणि पळत राहिले. शेवटी एमआरआय झाला तेव्हा हाडाला बारीक तडा जाऊ घातल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पळणं पूर्ण बंद. ते सहा आठवडे मी घरात कशी वागले हे माझ्या सासूबाई तुम्हांला सांगतील. त्याच म्हणाल्या, "अगं, पळू नको तर पाण्यात तरी जा, पण घरात फणकारू नको." तर माझं पोहणं असं सुरू झालं, काही थोर विचाराने नाही.

आधी ट्रायथलॉन म्हणजे काय ते सांगते, कारण पुष्कळ जणींना वाटतं की आयर्नमॅन म्हणजेच ट्रायथलॉन. तसं नाही. एका मागोमाग एक, न थांबता, पोहणं, सायकल आणि पळणं, ह्या क्रमाने केलं की ते ट्रायथलॉन. अंतरं वेगवेगळी असतात. सगळ्यांत रुळलेलं छोटं अंतर म्हणजे स्प्रिंट: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. त्याच्या दुप्पट ऑलिंपिक अंतर. ते २००० साली सिडनीला पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. त्यापुढे हाफ आयर्नमॅन, १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, आणि वर हाफ मॅरेथॉन. पुरा आयर्नमॅन ह्याच्याही दुप्पट, म्हणजे शेवटी ४२ किलोमीटर पळायचं ते १८० किलोमीटर सायकल हाणून झाल्यावर.

हा खेळ फार जुना नाही. १९७४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथे पहिलं ट्रायथलॉन झालं. त्यात जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे नवराबायको दोघेही उतरले होते. पुढे ते हवाईत राहायला गेले. तिथे वाद झाला की सगळ्यांत दमदार कोण, पोहणारा, सायकलवाला की पळणारा? मग बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकत्र शिवल्या आणि १९७८ च्या फेब्रुवारीत पहिला आयर्नमॅन झाला. पंधरा जण उतरले, बारा पोचले, सगळे पुरुष. पुढच्याच वर्षी लिन लमेअर नावाची बाई उतरली, एकटीच, आणि सगळ्या पुरुषांत पाचवी आली. ही गोष्ट मला फार आवडते. पण ती मुळात सायकलपटू होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

आपल्या बाजूचं नाव घ्यायचं तर मिलिंद सोमण. शिवाजी पार्कात वाढलेला मुलगा. २०१५ साली, पन्नाशीला काही महिने राहिले असताना, त्याने झुरिकचा आयर्नमॅन पुरा केला. सगळीकडे बातम्या आल्या आणि आपल्याकडच्या कितीतरी पळणाऱ्यांनी त्या वाचून मनाशी ठरवलं की आपणही करायचं. पण बातम्यांत एक गोष्ट मागे राहिली. तो लहानपणापासून पोहणारा, पोहण्यात राष्ट्रीय विजेता. आपलं नेमकं उलट असतं. आपण पळणाऱ्या, आणि पाणी म्हणजे फक्त नळाचं. मला तर त्याच्या आई, उषाताई सोमण जास्त जवळच्या वाटतात. २०१६ साली तो अहमदाबादहून मुंबईला अनवाणी पळत आला, तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेल्या उषाताई नऊवारी-पाचवारीचा विचार न करता साडीतच, अनवाणी, त्याच्याबरोबर पळाल्या. आणि आपल्या मुंबईच्या क्रांती साळवी. त्यांनी २०१८ साली, पन्नाशीत, बर्लिनची अख्खी मॅरेथॉन नऊवारी नेसून ३ तास ५७ मिनिटांत पळून जागतिक विक्रम केला. तेव्हा वयाचा प्रश्न मी इथेच बाजूला ठेवते. अमेरिकेतल्या मॅडोना ब्यूडर ह्या जोगीणबाई अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पळायला लागल्या, बावन्नाव्या वर्षी पहिलं ट्रायथलॉन केलं आणि ब्याऐंशीव्या वर्षी पुरा आयर्नमॅन. वय आडवं येत नाही असं नाही, येतं, पण ते कुठे येतं ते पुढे सांगते.

आता पाणी. ह्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण पळणारी बाई ट्रायथलॉनला घाबरते ती इथे, आणि तिने इथेच घाबरायला हवं.

बघा, आपण समुद्राच्या काठची माणसं. माझं माहेर गिरगावात. चौपाटी चालत दहा मिनिटांवर. दरवर्षी गणपती पोचवायला गेलो, गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलो, परत आलो. आमच्या चाळीतल्या मुलांपैकी काही जण मफतलाल बाथला पोहायला जायचे. मुलींपैकी एकही नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं, पण कुणी जा असंही म्हटलं नाही. आयुष्यभर समुद्र बघितलेली मी, सेहेचाळिसाव्या वर्षी कमरेएवढ्या पाण्यात तोंड घालायला घाबरले.

दादरला शिवाजी पार्कच्या कडेला महापालिकेचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव आहे. पन्नास मीटरचा. तिथे मी नाव घातलं. पहिली अडचण पोशाखाची. आपल्याला वाटतं की सिनेमातल्यासारखा पोशाख घालावा लागेल. नाही. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत किंवा घोट्यापर्यंत येणारा पोहण्याचा पोशाख दादरच्या दुकानांत मिळतो. फक्त कापड नायलॉन-लायक्राचं हवं, सुती चालत नाही. टोपी लागतेच. काही तलावांवर बायकांसाठी वेगळी बॅचही असते, त्याची आधी चौकशी करावी. दुसरी अडचण म्हणजे माझ्या बॅचमध्ये बहुतेक सगळी आठ-दहा वर्षांची पोरं. ती पहिल्या आठवड्यात सुरमईसारखी सुटली आणि मी कठडा धरून उभी.

पळणाऱ्या बाईला वाटतं, माझा दम मोठा आहे, मी पटकन शिकेन. इथेच गंमत होते. एकवीस किलोमीटर पळणारी मी पंचवीस मीटरमध्ये धापा टाकायला लागले. सरांना म्हटलं, माझा दम गेला कुठे? ते म्हणाले, "मॅडम, दम आहे, पण तुम्ही श्वास सोडतच नाही." आणि ते अगदी खरं होतं. घाबरलेला माणूस पाण्यात श्वास कोंडून ठेवतो, मग तोंड वर काढून घाईघाईने हवा घ्यायला जातो. पण छाती आधीच भरलेली असते. आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, तो साचला की मेंदू ‘गुदमरतोय’ म्हणून ओरडतो. प्राणवायू कमी पडलेला नसतोच. उपाय एकच: तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडत राहायचं, आणि मान वळवली की नुसती हवा घ्यायची. पहिले दोन आठवडे मी कठडा धरून एवढंच केलं. शेजारची पोरं हसायची. हसू दे.

दुसरं, पळणाऱ्यांचे पाय बुडतात. आपल्या फुप्फुसात हवा असते म्हणून छाती तरंगते. पाय जड, स्नायूंचे, आणि घोटे वर्षानुवर्षं पळून ताठर झालेले. आपण गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय मारतो, त्याने पुढे न जाता नुसती दमछाक होते. शिवाय समोर बघायला डोकं वर केलं की पाय आणखी खाली. म्हणून नजर तळाच्या फरशीकडे, डोकं पाण्यात सैल, पाय कमरेतून, हलके. ट्रायथलॉनमध्ये पायांनी जोर काढायचाच नसतो, ते पुढच्या सायकलसाठी राखायचे असतात. त्यामुळे आपल्याला पोहण्यात फार वेग नाही आला तरी चालतं. सरळ, लांब, शांत तरंगत पुढे सरकता आलं पाहिजे.

आता एक प्रसंग सांगते, तो सांगायला मला आवडत नाही. तिसऱ्या महिन्यात मला पन्नास मीटर जमायला लागलं होतं, आणि मी जरा फुशारले होते. सरांचं लक्ष दुसरीकडे असताना मी खोल टोकाकडून निघाले. मध्येच नाकात पाणी गेलं. पाय खाली सोडले, तळ लागला नाही. त्या क्षणी मी शेजारून पोहणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा खांदा धरला. आम्ही दोघीही खाली गेलो. जीवरक्षकाने उडी मारून दोघींना काढलं. मुलीला काही झालं नाही, तिने वर येऊन मलाच विचारलं, "काकू, ठीक आहात ना?" मी मात्र कपडे बदलायच्या खोलीत अर्धा तास बसून होते. मला माझं काही वाटत नव्हतं. त्या पोरीच्या आईला मी काय सांगितलं असतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. अकरा दिवस मी तलावावर गेले नाही. परत गेले ती धैर्याने वगैरे नाही, तीन महिन्यांचे पैसे भरलेले होते.

परत गेल्यावर सरांनी पोहणं बंद केलं आणि तरंगणं शिकवलं. पाठीवर उलटायचं, कान पाण्यात, पोट वर, हात पसरलेले, आणि तसंच पडून राहायचं. एक मिनिट, पाच मिनिटं, दहा मिनिटं. पोहताना मध्येच घाबरल्यासारखं झालं की उलटायचं आणि आकाश बघायचं. मैत्रिणींनो, हे मी आधी शिकायला हवं होतं. तुम्ही कुठेही शिका, शिकवणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगा की मला आधी पाठीवर तरंगायला शिकवा. आणि खोल पाण्यात उभं राहता येणं, म्हणजे जागच्या जागी पाय हलवत डोकं वर ठेवणं, हेही. वेग मग येतो, नाही आला तरी बिघडत नाही.

अमेरिकेत ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा अभ्यास झाला आहे. त्यांत बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झालेले आढळले. मरण पावलेल्यांत पुरुष फार, बायका थोड्या, आणि पुष्कळांच्या हृदयात आधीच दोष होता. घाबरवायला सांगत नाही. पण चाळिशीनंतर उतरायचं असेल तर आधी रक्तदाब, ईसीजी, आणि डॉक्टरांना वाटलं तर स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल, पळताना कधी छातीत दाटलं असेल, चक्कर आली असेल, तर ते लपवू नये. आणि स्पर्धेत मध्येच थांबायला बंदी नसते. पाण्यात सुरक्षेसाठी छोट्या होड्या असतात. हात वर केला की त्या येतात. होडी धरून तुम्ही विसावा घेऊ शकता, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. बहुतेक स्पर्धांत हा नियम आहे, आणि तो माहीत नसल्याने कितीतरी जण जिवावर उदार होऊन हात मारत राहतात.

तलाव आणि समुद्र ह्यांतही फरक आहे. समुद्रात तळाची रेघ नाही, कठडा नाही, लाट तोंडात येते. दर आठ-दहा हातांनी सुसरीसारखे डोळे वर काढून दिशा बघावी लागते. मुंबईच्या किनाऱ्यावर एकटीने सरावाला उतरू नका, हे मी ठासून सांगते. आपल्या किनाऱ्यावर सांडपाणी आहे, खडक आहेत, भरती-ओहोटीची ओढ मोठी आहे. २०१३ च्या गणपतीत गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या कित्येकांना पाकट माशांनी डंख मारले होते, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. समुद्राची सवय करायची तर मालवणला जावं. तिथे चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, वयोगटांप्रमाणे, छोट्या अंतरापासून पाच किलोमीटरपर्यंत. आजीबाईसुद्धा उतरतात.

सायकलचं थोडक्यात सांगते, कारण ती पोहण्यासारखी नवी नाही, विसरलेली असते. माझे वडील गिरणीत होते. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत त्यांची सायकल जिन्याखालून निघायची. रविवारी त्याच सायकलच्या दांडीखालून पाय घालून मी शिकले. तुमच्यातल्या पुष्कळ जणी तासावर भाड्याने मिळायच्या त्या सायकलींवर शिकल्या असतील. तो तोल शरीर विसरत नाही. दोन-तीन सकाळी हात थरथरतात, मग जमतं.

महागडी सायकल लागत नाही. मी एक सेकंडहँड हायब्रिड घेतली, गिअरची, सरळ हँडलची. पहिल्या स्प्रिंटला तेवढी पुरते. दोन गोष्टींकडे मात्र बघा. सीटची उंची. आपण बायका पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतो आणि मग गुडघे दुखले की सायकलला शिव्या घालतो. पॅडल सगळ्यांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. आणि गिअर. जड गिअरवर जोर लावून रेटू नका, हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा, मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्या. त्याने मांड्या वाचतात, आणि पुढे पळायचं असतं. पॅड असलेली चड्डी घ्या, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सोलून निघाल्यावर कळलं.

आपल्याकडे सायकलची खरी अडचण रस्त्याची. सी लिंकवर आणि कोस्टल रोडवर सायकल चालत नाही. मग वेळ एकच, पहाटे पाच ते साडेसहा. लालबाग-परळच्या पुलाखालून जाताना गटारांच्या जाळ्या बघा. फटी रस्त्याच्या दिशेने असल्या तर चाक आत जातं. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवरून तिरकं जाऊ नका. हेल्मेट, मागचा लाल दिवा, अंगावर फिकट कपडे. पंक्चर काढायला शिका, ते साडीच्या निऱ्या घालण्यापेक्षा सोपं आहे. गणपतीचे दहा दिवस लालबागमध्ये सायकलचं नाव काढू नका, तेव्हा मी आपली घरात उड्या मारते.

पळण्याबद्दल तुम्हांला मी काय सांगणार? एकच नवं आहे. सायकलवरून उतरून लगेच पळायला लागलं की पाय आपले राहत नाहीत. ह्या सरावाला ट्रायथलॉनवाले ‘ब्रिक’ म्हणतात, म्हणजे वीट, आणि पाय अगदी तसेच होतात. सायकलवर कमरेतून वाकून, एकाच चाकोरीत फिरलेले स्नायू एकदम सरळ होऊन धक्का झेलायला तयार नसतात. पहिलं एक किलोमीटर तसंच जातं, मग सुटतं. आठवड्यातून एकदा सायकलनंतर दहा मिनिटं जरी पळालात तरी शरीर ओळखायला शिकतं. पाणी ते सायकल आणि सायकल ते पळणं, ह्या बदलाचा वेळही घड्याळात धरला जातो. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम कडक असतो.

आता वय कुठे येतं ते. एक, हाडं. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं, हाडं विरळ होऊ लागतात. पोहणं आणि सायकल गुडघ्याला सोपी, पण हाडांना त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण वजन पाणी आणि सीट पेलते. म्हणून थोडं पळणं राहू द्या आणि आठवड्यातून दोनदा वजन उचला. मी पाण्याचा हंडा छातीशी धरून उठाबशा काढते. सासूबाई म्हणतात, निदान हंडा भरलेला तरी राहतो. दोन, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. चाळिशीत अंगावरून जास्त जात असेल तर आणखीच. हिमोग्लोबिन न तपासता सराव वाढवला तर थकवा येतो आणि आपण आळसाला दोष देतो. तीन, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. पळताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात, म्हणून कितीतरी जणी पळणं सोडतात. बाळंतपणं झालेल्या बायकांत हे फार आहे आणि त्यावर व्यायाम आहेत. फिजिओथेरपिस्टला विचारा, लाजू नका. पाळीत पोहायचं तर टॅम्पॉन किंवा कप लागतो, आणि नको वाटलं तर ते चार दिवस सायकल आहेच.

खाण्याचं सोपं ठेवा. तासाभराच्या सरावाला पाणी पुरे. त्याहून लांब असेल तर दर तासाला एखाददोन केळी, राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की, आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. आपल्या दमट हवेत घाम ढिगाने जातो, पण म्हणून नुसतं पाणी ढोसू नका, त्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि ते धोक्याचं आहे. सरावानंतर उसळ, अंडं, बांगडा, जे घरात असेल ते, पण प्रथिनं हवीत.

वेळेचं गणित सगळ्यांत अवघड. आमच्याकडे पाणी पहाटे येतं. नळ सुटला की भरायला कुणीतरी हवं. माझं पोहणं सुरू झालं तेव्हा पहिलं भांडण ह्याच्यावरून झालं. शेवटी मंगळवार, गुरुवार, शनिवार पाणी मिस्टर भरतात, बाकीचे दिवस मी. म्हणून माझं पोहणं त्या तीन दिवशी, पळणं बुधवारी, सायकल रविवारी. सोमवारी आणि शुक्रवारी हंडा आणि झोप. असा माझा सरावाचा तक्ता नळाने ठरवला आहे, कुठल्या कोचने नाही.

आणि पहिली स्पर्धा? गोव्यात मिरामारला २०१९ च्या ऑक्टोबरात हाफ आयर्नमॅन सुरू झाला. तेव्हापासून ओळखीतले पळणारे थेट तिकडेच नाव घालतात. माझं मत विचाराल तर घाई करू नका. तिथे १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, तेही सत्तर मिनिटांच्या आत, आणि सगळं मिळून साडेआठ तासांत. पाणी कोमट म्हणून तरंगायला मदत करणारा वेटसूटही मिळत नाही. पैसेही कित्येक हजार जातात. मी तर पहिलं ट्रायथलॉन घरच्या घरी केलं. गेल्या फेब्रुवारीत, दुसऱ्या शनिवारी, शिवाजी पार्कच्या तलावात पन्नास मीटरच्या पंधरा फेऱ्या, २७ मिनिटं. मग ओले केस तसेच ठेवून, कपडे बदलायला १४ मिनिटं, खऱ्या स्पर्धेत एवढ्यात मला हाकललं असतं. तिथून सायकल, वरळी, हाजीअली, पेडर रोडचा चढ, चौपाटी, नरिमन पॉइंट, आणि वीस किलोमीटर भरेपर्यंत मरीन ड्राइव्हवर परत एक फेरा, सव्वा तास. लेक केळी घेऊन एनसीपीएपाशी उभी होती, सायकल तिच्या हातात देऊन चौपाटीच्या बाजूला अडीच किलोमीटर आणि परत, ४१ मिनिटं. सगळं मिळून दोन तास चाळीस मिनिटं. मेडल नाही, फोटो एकच आहे आणि त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

समुद्र अजून राहिला आहे. येत्या डिसेंबरात मालवणला सगळ्यांत छोट्या अंतराला नाव घालायचं ठरवलं आहे. रात्री कधी कधी त्या पोरीचा खांदा हाताला लागतो, मग उठून पाणी पिते. त्यामुळे परळच्या मैत्रिणीला मी एवढंच सुचवलं आहे की पुष्कळ स्पर्धांत तिघींनी मिळून रिले करता येतो. एकीने पोहायचं, एकीने सायकल, एकीने पळायचं. तिने पळावं, पोहायला मी येते, सायकलवाली शोधतो आहोत. तोवर तिने तलावावर नाव घालून यावं. जाताना डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट आकाराचे फोटो बरोबर न्यावेत, नाहीतर परत हेलपाटा पडतो. आणि टोपी सिलिकॉनची घ्यावी, कापडी टोपीत केस भिजतात आणि ऑफिसला जायच्या आत वाळत नाहीत.